अठ्ठावन्न नंबरचा खांब

रात्री अकरा ते सकाळी सात
माझ्यापुढे चोवीस चौकटी.
बेलापूरच्या या खोलीत एसी इतका
की मे महिन्यातही मी स्वेटर आणते.
पाटोळे सर म्हणतात, थंडी तुमच्यासाठी नाही हो,
मशीनला लागते.

एका चौकटीत आमचं कारावे गाव.
गल्लीच्या तोंडाशी अठ्ठावन्न नंबरचा खांब.
पहाटे चारला नळ येतो, आई बाहेर येते,
वर बघते,
पदर सारखा करते, मगच हंडा उचलते.
खांब बसवला त्या दिवशी तिनं विचारलं होतं,
"यो डोला कंदी मिटतं का नाय गो?"
मी म्हटलं, आये, तुझ्याच भल्यासाठी आहे.
तेव्हापासून मासळी निवडायला ती
भिंतीच्या आडोशाला बसते.
त्या डोळ्यामागे रात्री मी असते
हे सांगितलंय तिला.
तरी पदर सारखा करतेच.

फेब्रुवारीत, एकवीस नंबरवर,
सीवूड्सचा भुयारी रस्ता, पावणेबारा.
एक मुलगी, खांद्याला लॅपटॉपची बॅग,
मागे पंधरा पावलांवर एक माणूस.
ती थांबली. तो थांबला.
तिनं चपला हातात घेतल्या आणि पळत सुटली.
मी वायरलेसवर अशी ओरडले
की बाहेरचा शिपाई चहा सांडून आत आला.
चार मिनिटं लागली गाडीला. मोजलीत मी.
मग ती पायरीवर बसून कुणाच्या तरी बाटलीतलं पाणी पीत होती
आणि मी इथे
काचेवर तळवा टेकून.
ती मला ओळखत नाही, ओळखायचं कारणही नाही.
त्या रात्रीसाठी या सगळ्या डोळ्यांना मी हात जोडते.
खरंच जोडते, कुणी बघत नसताना.

पण मार्चमधला तो मंगळवार.
तलावाकडचा बाक, साडेबारा वाजून गेलेले.
दोघंही पन्नाशी ओलांडलेली.
तिच्या मांडीवर स्टीलचा डबा.
त्यानं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं,
रडला असावा,
आवाज येत नाही आमच्याकडे.
"झूम कर की," ऋतुराज म्हणाला,
"बघू तरी, कुणाची आजी आहे!"
खोलीत हशा. कुणीतरी खुर्ची सरकवली.
त्यानं मोबाइल काढून पडद्यासमोर धरला.

मी कॅमेरा वळवला.
काळं पाणी आलं,
आणि पाण्यात एका पायावर झोपलेले रोहित.
सर म्हणाले, हे काय?
म्हटलं, तिकडे हालचाल दिसली.
वहीत लिहिलं: शून्य अडतीस, हालचाल, बहुतेक पक्षी.
बाकी काही विशेष नाही.
नऊ वर्षांत त्या वहीतलं माझं पहिलं खोटं,
अक्षर मात्र नेहमीपेक्षा सुबक.

अकरा मिनिटं मी पक्षी बघत बसले.
त्या अकरा मिनिटांत
बाकामागून कुणी आलं असतं तर?
हे मला तेव्हा सुचलं नाही,
नंतर सुचलं, आणि सुचतच राहिलं.
परत वळवला तेव्हा बाक रिकामा होता.
डबा तिथेच.
घाईत गेली असतील, किंवा भांडून,
किंवा वरती बघून.
डबा पहाटेपर्यंत होता.
मग झाडूवाली आली, तिनं तो उघडला,
वास घेतला, आणि पिशवीत ठेवला.
हेही मी पाहिलं. हेही कुठे लिहिलं नाही.

सातला सुटते. रिक्षा गावाच्या वेशीशीच सोडते.
अठ्ठावन्नच्या खाली आले
की हात आपसूक ओढणीकडे जातो.
आत्ता त्या खुर्चीत कोण बसलंय, मला ठाऊक आहे,
त्याला चहात साखर किती लागते तेही.

आई आडोशाला, समोर मांदेलीची पाटी.
"आलीस? ये, हय बस.
हयशी त्याला दिसत नाय."

तिथलं स्पष्ट दिसतं.
पाटीतले मासेसुद्धा मोजता येतात.

मी स्वेटर काढून गुडघ्यावर ठेवते
आणि तिच्या शेजारी बसते.